गोडी छाटणीपासून ग्लासापर्यंत

जानेवारीची सकाळ. नाशिक शहर मागे टाकून गंगापूर धरणाच्या दिशेने निघालं की रस्त्याकडेला द्राक्षबागा दिसू लागतात. गोदावरीवरचं मातीचं धरण, पलीकडे डोंगर, आणि उतारावर तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी. सुला विनयार्ड्स या वाईन कंपनीची गच्ची या सगळ्याच्या समोर आहे. आलेला पाहुणा बहुतेक वेळा थेट गच्चीच गाठतो. आपण आधी बागेत जाऊ.

खायच्या द्राक्षांची बाग आपल्या ओळखीची असते. डोक्यावर मांडव आणि त्यातून लोंबणारे मोठे घड. ही बाग वेगळी आहे. वेल उभ्या तारांवर, घड लहान आणि गच्च. एक मणी तोंडात टाकून बघा. साल जाड, आत बिया, आणि गोडी इतकी की बोटं चिकट होतात. बाजारातलं थॉमसन जातीचं द्राक्ष साधारण १८ ब्रिक्सला उतरवतात; ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. वाईनचं द्राक्ष २२ ब्रिक्सच्या आसपास जाईपर्यंत वेलीवर ठेवलं जातं, लाल जाती त्याहूनही पुढे. या साखरेचंच यीस्ट अल्कोहोल करतं. पण गोडी चढते तसा आंबटपणा उतरतो आणि आंबटपणा गेला की वाईन मिळमिळीत. म्हणून तोडणीचे दिवस जवळ आले की मणी रोज तपासावे लागतात.

फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते. मग थंडीत वेल पानं टाकून झोपते. आपल्याकडे तशी थंडी नाही, आणि फळ पावसात आलं तर ते हाती लागायचं नाही. म्हणून इथला शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी. तिच्यानंतर नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत, अजून कुणाला दिसतही नाही अशा अवस्थेत, पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. तेच डोळे फुटतात, घड बाहेर येतात आणि गार रात्रींत पिकतात. नाशिकची वाईन उभी आहे ती या दुहेरी छाटणीवर, आणि ती जाणणाऱ्या हातांवर. टूरमध्ये याला दोन मिनिटं मिळतात. माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे.

तसं वाईनचं पाऊल महाराष्ट्रात आधीच पडलं होतं. श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला फेसाळणारी वाईन बनवली. पुढे कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकच्या घरच्या जमिनीवर सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या, आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. आज 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही आहे.

आता आत. दारातून शिरताच गारवा, आणि आंबलेल्या फळाचा दाट वास. स्टीलच्या उंच टाक्यांना बाहेरून दुहेरी भिंत असते, तिच्यातून थंड द्रव फिरतो. पांढऱ्या वाईनचा रस १५ अंशांच्या आसपास संथपणे आंबवतात. तापमान चढलं तर फळाचा वास उडून जातो. लाल वाईनची रीत निराळी. रंग सालीत असतो, म्हणून साली रसातच ठेवतात. आंबताना वायू त्यांना वर ढकलतो आणि जांभळ्या सालींचा जाड थर तरंगू लागतो. तो कोरडा पडला तर बिघडतो, म्हणून खालचा रस पंपाने उचलून पुन्हा पुन्हा त्यावर सोडतात. टाकीच्या तोंडाशी वाकून पाहिलं तर सालींच्या भेगांतून गुलाबी फेस फुटताना दिसतो. पुढच्या दालनात ओकची पिंपं आहेत, २२५ लिटरची. इथे लाल वाईन महिनोन्महिने मुरते आणि लाकडातून तिला व्हॅनिलासारखा वास लागतो.

शेवटी टेस्टिंग. ग्लास दांड्याला धरायचा, हाताच्या उबेने वाईन तापू द्यायची नाही. आधी रंग, मग हलकं फिरवून वास, मग छोटा घोट, तोंडभर फिरवलेला. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि पेरूचा वास येतो. शेनिन जरा गोडसर. शिराझ या लाल वाईनमध्ये काळ्या मिरीची चाहूल. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनधास्त वापरा. गाडी चालवायची असेल तर वापराच.

या बाटल्यांतलं बरंचसं द्राक्ष कंपनीच्या स्वतःच्या बागेतलं नसतं. आसपासचे शेतकरी करार करून ते पिकवतात. त्यामुळे टेबलापाशी वाईनचं नाव विचारून झालं की आणखी दोन प्रश्न विचारा: हे द्राक्ष कुठल्या गावचं, आणि त्याची गोडी छाटणी कधी झाली? आणि यायचं असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये या. एप्रिलनंतर वेली छाटून उघड्या पडलेल्या असतात. मग तळघर दिसेल, वाईन मिळेल, पण घड दिसणार नाहीत.