गिझरच्या सॉकेटमधला तो वायरचा तुकडा

नमस्कार मंडळी. परभणीत थंडी पडली की आपल्या कमेंटमध्ये गिझरच गिझर. "दादा, कोणती वायर टाकू?"

घ्या, पटकन सांगतो. टाकीवाला 15-25 लिटरचा गिझर सहसा 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर. 3 लिटरचा इन्स्टंट बहुतेक 3000 वॅटचा, तो 13 ओढतो. 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 3000 वॅटला लांबचं अंतर असलं तर 4 ची. डीबीपासून (घरातल्या स्विच-फ्यूजच्या मुख्य बोर्डापासून) वेगळी लाइन, 16 अँपिअरचं सॉकेट, 16 चा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). झालं. ट्यूबलाइटच्या लाइनवर गिझर लावणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

आता खरं दुखणं. सॉकेट उघडून बघा, अगोदर मेन बंद करा बरं का! न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ (जमिनीत जाणारी वायर) यांच्यामध्ये वायरचा इवलासा तुकडा जोडलाय का? आमच्या मामाकडं होता. वायरमन म्हणे, "अर्थिंगचा खड्डा कामून खणायचा, न्यूट्रलबी जमिनीतच जातो की!" जातो ना बाबा, पण तिकडं डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी. मधेच न्यूट्रल तुटला, तर फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, कॉइलमधून फिरून त्या तुकड्यावाटे थेट गिझरच्या बॉडीवर. अन् तुम्ही ओल्या अंगानं नळाला हात लावणार.

एक जण लिहितो, "माझ्याकडं 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे, मला काय होतंय?" अहो, आरसीसीबी म्हणजे करंट गळाला की लाइन बंद करणारा स्विच, पण तो गेलेला करंट आणि परत आलेला करंट एवढंच मोजतो, फरक पडला तरच पडतो. बोरच्या पाण्यानं कॉइलवर पांढरा थर चढतो, कॉइल फुटते, करंट बॉडीत येतो. तो त्या तुकड्यातून न्यूट्रललाच परत गेला की हिशोब जुळला. आरसीसीबी गप्प!

दुसरे म्हणतात, "फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघितला, लागतो." लागणारच! अर्थच्या भोकात न्यूट्रलच बसलाय. खरं अर्थिंग असेल तर 100 वॅटच्या बल्बानं चालू आरसीसीबी लगेच पडायला पाहिजे. तो पडत नाही अन् बल्ब मजेत जळतोय, तर तुकडा शोधा. पण ही तपासणी वायरमनलाच करू द्या, स्वतः तारा धरू नका.

मामाकडं तुकडा काढला, अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला. आता उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर. म्हणून मामी तुळशीला पाणी घातलं की बादलीभर त्या खड्ड्यातही ओतते. शेजारीण विचारते, "इथं काय लावलंय वो?"