एमएस आणि व्यायाम: माप चुकलं की पाय अडतो

[दृश्य: सकाळचे साडेसहा. सारसबागेतला सपाट रस्ता.]

एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकतो. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्यांना हा उन्हाळा फार जाचतो. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिन नावाचं संरक्षक आवरण झिजलेलं असतं. अंग जरा तापलं की मेंदूचा निरोप वाटेतच अडखळतो. नजर धूसर होते, पाय जड पडतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये याची नोंद केली. अंग थंड झालं की हा त्रास ओसरतो. या त्रासामुळे मूळ आजार वाढत नाही. तरी कित्येक वर्षं डॉक्टर ‘दमू नका’ म्हणत राहिले. बसून बसून स्नायू मात्र आणखी ढिले पडले.

आता सल्ला उलटा आहे. आजार सौम्य ते मध्यम असेल, तर आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालणं किंवा सायकल, आणि दोनदा ताकदीचे व्यायाम. वेग असा, की बोलता यावं पण गाता येऊ नये. अर्धा तास सलग हवा असं मुळीच नाही. दहा मिनिटांनी चवडा जमिनीला घासू लागला, तर तिथेच थांबायचं. पुढची पावलं रेटली की ठेच लागते. आणि आपल्या फुटपाथवरचे उचकटलेले ब्लॉक त्याला टपलेलेच असतात.

[दृश्य: भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची.]

ताकदीसाठी खुर्चीतून उठ-बस. पुढे सरकून बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, छाती पुढे झुकवा, मग उठा. बहुतेकजण ताठ बसूनच उठू पाहतात. मग तोल मागे जातो आणि हात मांडीवर रेटावे लागतात. जमत नसेल तर खुर्चीवर घडी घातलेली गोधडी ठेवून उंची वाढवा. उभं राहिल्यावर गुडघा मागे लॉक करू नका. बसताना धप्पकन नाही, तीन मोजत. दहा वेळा, दोन-तीन मिनिटं विश्रांती, पुन्हा दहा.

पंखा चालू, गार पाणी हाताशी. लघवीची घाई होते म्हणून पाणी तोडणारे बरेच भेटतात; त्याने थकवा वाढतोच.

थकवा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर पुढच्या वेळी फेऱ्या कमी करा. पण ताप नसताना नवा बधिरपणा किंवा अशक्तपणा २४ तासांहून जास्त टिकला, तर व्यायाम बंद ठेवून न्यूरॉलॉजिस्टना फोन करा.