गारगोटीवर सोन्याची वाफ

नमस्कार श्रोतेहो.

परवा माझी भाची कुलाबा कॉजवेवरून एक लोलक घेऊन आली. आकाशी निळा, वर धातूची झाक. "मामा, हा हिमालयात असाच सापडतो म्हणे!" मी लोलक खिडकीपाशी नेला. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता आणि त्या जागी दिसत होती आपली साधी, रंगहीन गारगोटी.

बाजारात याला 'ॲक्वा ऑरा' म्हणतात. गारगोटीचा नैसर्गिक स्फटिक निर्वात कक्षात ठेवून तापवतात आणि त्यावर सोन्याची वाफ बसवतात. होय, खऱ्या सोन्याची! पण खरवडून झवेरी बाजारात न्यायचा विचार करू नका, थर केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो. सोन्याऐवजी टायटेनियम वापरलं की मोरपंखी, जांभळे, सोनेरी रंग उमटतात. प्लॅटिनम आणि चांदीने दुधी, मोतिया झळाळी येते.

टायटेनियमच्या त्या रंगांत रंगद्रव्य नावालाही नसतं. पावसात सिग्नलला रिक्षा थांबते, तेलाचा थेंब ओल्या डांबरावर पडतो आणि इंद्रधनुष्य पसरतं, पाहिलंय ना? थराच्या वरून आणि तळातून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग उजळतात, काही विझतात. स्फटिकावर घडतं ते हेच.

मग हा लोलक खोटा का? मी तसं म्हणणार नाही. चष्म्याच्या काचेवरची चकाकी घालवायलाही असेच पातळ थर देतात, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. माझं भांडण त्या 'असाच सापडतो'शी आहे. मुंबईच्या मातीतला अस्सल रंग हवा असेल, तर कांदिवलीच्या खाणीतलं फिकट हिरवं प्रेहनाइट हे खनिज पाहा. त्याला कुणी वाफ दिलेली नाही.

घेताना कडा आणि टोकं निरखा. रंग फक्त पृष्ठभागावर असेल, तर टवक्यातून आतला स्फटिक उघडा पडतो. आणि घरी आणल्यावर तारेची घासणी किंवा दंतमंजन लावू नका. खनिजांची कठीणता सांगणाऱ्या मोह्सच्या 1 ते 10 या मापाने स्फटिकाची कठीणता 7, चाकूलाही सहसा दाद देत नाही. वरच्या थराला मात्र तेवढा दम नाही. मऊ फडकं पुरे.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, टवक्याची बाजू आत वळवली आणि लोलक पुन्हा गळ्यात घातला.