खालून ‘टक्क’ येतो, तो नेमका कुठून?

नमस्कार, राजेहो. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या फाटकापुढं ट्रकांची रांग लागते. गाडी दर दोन मिनिटांनी चार हात सरकते आणि प्रत्येक वेळी खालून ‘टक्क’ वाजतं. दोष पहिल्यांदा क्लचच्या माथी जातो. गिअरबॉक्स उतरतो, नवी प्लेट बसते, आणि गाडी पुन्हा तसाच हिसका देते!

म्हणून पाना उचलायच्या आधी कान लावा. ॲक्सिलेटर सोडून परत दाबताच एकच ठोका आला, तर ती गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंतच्या जोडांतली ढिलाई. क्लच सोडताना अख्खी केबिन थरथरली, तर मात्र क्लच पाहा: प्लेटच्या लायनरवर तेल उतरलंय का, ती प्लेट जिथं टेकते त्या फ्लायव्हीलवर (इंजिनच्या जड चाकावर) निळसर डाग पडलेत का. इंजिन फाउंडेशनचं रबर बसलं असलं तरी असंच होतं. आणि चढावर लोड ओढताना ठोका न येता गाडी नुसते आचके देत असेल, तर डिझेल फिल्टर आणि लाइनमधली हवा तपासा. पांदणीत तिसऱ्याचं काम चौथ्या गिअरात करणाऱ्या डायव्हरभाऊंची गाडीही आचके देतेच, तिला दुरुस्ती नको.

आता ढिलाई शोधू. गाडी सपाट जागी, रिकामी. इंजिन बंद, किल्ली खिशात. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्समागं शाफ्टवरच (मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या लांब दांड्यावर) असतो. तिथं हँडब्रेक सोडा आणि मागच्या चाकांनाही ठोकळे लावा, नाहीतर शाफ्ट हलणारच नाही.

हाऊसिंगच्या (मागच्या एक्सलच्या खोळीच्या) तोंडाशी, शाफ्ट जिथं जोडलाय त्या फ्लँजवर आणि शेजारच्या न हलणाऱ्या भागावर खडूची एक रेघ मारा. शाफ्ट हातानं डावी-उजवीकडं फिरवा. रेघ जेवढी सरकेल तेवढी ढिलाई क्राऊन-पिनियन (शाफ्टचा फेर चाकांकडं वळवणारी दातांची जोडी), आतले स्टार गिअर आणि एक्सलच्या दातांची मिळून. थोडं फिरणं नव्या गाडीतही असतं. क्राऊनला 41 आणि पिनियनला 7 दात असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट जवळपास 6 फेरे घेतो. म्हणजे एक्सलकडची ढिलाई शाफ्टवर सहापट दिसते. त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी ताडून पाहा, मगच हाऊसिंग उघडा.

क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या जॉइंटमधल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याला, मात्र माफी नाही. जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) दोन हातांत धरून उलट दिशेनं पिळा. जरासुद्धा हललं, तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवर सुई-बेअरिंगचे कप असतात, त्या कपाच्या काठाला शेंदरी भुकटी दिसली, तर पावसाळ्यात नाल्याचं पाणी आत शिरून सुया कोरड्या फिरताहेत. ग्रीस मारताना चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर यायला हवं. तिघांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तोच कप कोरडा. बहुतेक जण निपलला दोन पंप मारून पुढं जातात, तिथंच चुकतं.

स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) वर-खाली हलवून पाहा, शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही बघा. मग टॉर्च घेऊन हाऊसिंग पाट्याला (स्प्रिंगला) बांधणाऱ्या यू-बोल्टकडं या. पाट्याजवळ घासून चमकलेली रेघ किंवा गंजाची भुकटी दिसली, तर हाऊसिंग पाट्यावर सरकतंय. गाडी उठताना आणि ब्रेक मारताना येणारा ठोका बरेचदा इथला असतो. यू-बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच कसा. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला असेल, तर नुसतं कसून भागत नाही.

पिनियनचा नट ढिला वाटला, तर अंदाजानं आवळू नका. त्या नटानं बेअरिंगचा दाब ठरतो. जास्त आवळलं की बेअरिंग तापून जातं.

शाफ्ट उतरवण्याआधी स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर पेंटची खूण करा. एक दात जरी पुढं-मागं बसला, तरी दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. मग वेगात गाडी खालून थरथरते, आणि नवा क्रॉस, नवं सेंटर बेअरिंग पुन्हा लवकर जातं.