सिंबियनचा कोड खुला झाला, ताबा मात्र नोकियाकडेच

मंडळी, तुमच्यापैकी कुणी नोकियाचा एन-७३ नाहीतर एन-९५ वापरला असेल तर 'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड' हा मेसेज आठवत असेल, आणि फोनची तारीख मागे नेऊन ॲप टाकायचा जुगाडसुद्धा. या फोनमधली ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) म्हणजे सिंबियन, तिची नववी आवृत्ती आली तेव्हापासून ॲपला परवानग्या लागायला लागल्या, बऱ्याचशा टेस्टिंग आणि सायनिंग (म्हणजे ॲपवर डिजिटल सही) करून मिळायच्या, पण 'ऑलफाइल्स' हवी, म्हणजे फोनमधल्या सगळ्या फाइल्सना हात लावायचाय, तर थेट फोन बनवणाऱ्या कंपनीची मंजुरी आणा. कारण खोटं नव्हतं, २००४ मध्ये ब्लूटूथवरून पसरणारा कॅबिर व्हायरस येऊन गेला होता. पण कुठल्या ॲपला काय करू द्यायचं हे शेवटी फोनवाल्याच्या हातात गेलं ते गेलंच.

आता गंमत बघा, सिंबियन ही कंपनी मुळात एकट्या नोकियाची नव्हतीच. १९९८ साली लंडनमध्ये सायन (Psion, हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर बनवणारी ब्रिटिश कंपनी), नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून ती काढली, कुणा एकाच्या ताब्यात ओएस जाऊ नये हाच तर उद्देश. २००३ मध्ये मोटोरोला बाहेर पडली, पुढच्या वर्षी सायनचा हिस्सा विकायला निघाला आणि नोकियाकडे बहुमत जातंय म्हटल्यावर बाकीच्या भागीदारांनी धावपळ करून त्यातला वाटा उचलला, तेव्हा कुठे नोकिया ४७.९ टक्क्यांवर थांबली. पण एस-६० हा वरचा थर, म्हणजे मेनू, स्क्रीन, बटणं, तो नोकियाचाच होता, आणि सॅमसंगसुद्धा तो नोकियाकडून लायसन्सवर घ्यायची! शेअर कितीही वाटा, स्पर्धकाच्या थरावर आपला फोन उभा करायचा म्हणजे रोडमॅप त्याचाच चालणार.

२००८ मध्ये नोकियाने उरलेला हिस्सा २६ कोटी ४० लाख युरोंना घ्यायचं ठरवलं आणि सगळा कोड सिंबियन फाउंडेशन या ना-नफा संस्थेला देऊन खुला, म्हणजे कुणीही बघावा, वापरावा, बदलावा असा ओपन सोर्स करणार असं जाहीर केलं. फेब्रुवारी २०१० मध्ये तो खरंच खुला झाला. मला हे पाऊल मनापासून चांगलं वाटतं, पण नुसतं लायसन्स बघून भागत नाही हो, कोड लिहिणाऱ्यांचा पगार कोण देतं ते बघा, आणि इथे बहुतेकांचा पगार नोकियाच देत होती. त्याच वर्षी सॅमसंग आणि सोनी एरिक्सन बाजूला झाल्या, नोव्हेंबरमध्ये डेव्हलपमेंट परत नोकियाकडे, आणि १७ डिसेंबरला फाउंडेशनच्या वेबसाइट्स बंद. कोड पाहिजे तर मागणी करा, डिस्कवर भरून पाठवतो!

मग ११ फेब्रुवारी २०११ ला नोकियाने सिंबियनऐवजी मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही ओएस धरली. मार्चअखेर कोड पुन्हा ठेवला, पण यावेळी स्वतःच सांगितलं की हा ओपन सोर्स नाही, आमच्यासोबत काम करणाऱ्या पार्टनर कंपन्यांसाठी आहे. त्याच वर्षी सिंबियनवर काम करणारी माणसं ॲक्सेंचर या आयटी सेवा कंपनीकडे गेली, फिनलंड, ब्रिटन, चीनमधली आणि आपल्या भारतातलीही.