वाळवंटाचा नकाशा विहिरींपासून काढा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये वाळवंटातलं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, चालवायचं ठरलं की बहुतेक गेम मास्टर (खेळातलं जग मांडणारे) आधी पिवळा रंग उचलतात. नकाशाचा मोठा तुकडा पिवळा होतो, त्यावर टेकड्यांच्या लाटा येतात, मधोमध एखादं भग्न देऊळ, कोपऱ्यात एक मरूद्यान. पहिल्या सेशनला खेळाडू विचारतात, "पलीकडच्या शहरात जायला किती दिवस?" तुम्ही म्हणता, "बारा." ते म्हणतात, "बरं, पोहोचलो." संपलं वाळवंट! त्या बारा दिवसांत काही घडलं नाही, कारण नकाशावर तिथे काही नव्हतंच.

म्हणून मी आज वाळूबद्दल फारसं बोलणार नाही. खऱ्या वाळवंटांत तरी ती कुठे सगळीकडे असते? सहारात वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला भाग साधारण एक चतुर्थांश आहे. बाकी खडकाळ पठारं, खड्यागोट्यांची मैदानं, उघडे डोंगर, मिठाचे सपाट पट्टे. शिवाय कोरड्या नदीपात्रात मुक्काम टाकला आणि लांब डोंगरात पाऊस कोसळला, तर पाण्याचा लोंढा येतो आणि माणसं बुडून मरतात. तहानेची तयारी करून आलेल्या खेळाडूंना असा लोंढा एकदा तरी दाखवाच.

नकाशा काढायची माझी पद्धत सरळ आहे. कोऱ्या कागदावर आधी फक्त पाण्याचे ठिपके द्यायचे. लादलेला उंट दिवसाला साधारण 30 ते 40 किलोमीटर चालतो, तेव्हा दोन ठिपक्यांमधलं अंतर किलोमीटरमध्ये न मोजता मुक्कामांमध्ये मोजायचं. एका मुक्कामावर पाणी असेल तर तिथे रस्ता होतो, चार मुक्कामांवर असेल तर तांडे बनतात आणि वाटाड्या लागतो. दहा मुक्काम म्हणजे ती वाट कुणाच्या तरी मालकीची आहे असं समजा. शहरं, टोळ्या, जकात, वैर हे सगळं या ठिपक्यांवरून आपोआप सुचत जातं.

दहा मुक्कामांची गोष्ट मी हवेतून काढलेली नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1352 साली तिथल्याच सिजिल्मासा शहराहून तांड्याबरोबर निघाला आणि 25 दिवसांनी तगाझाला पोहोचला. तगाझा म्हणजे मिठाच्या खाणींचं गाव. घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, छपरं उंटाच्या कातड्याची. झाड एकही नाही. खाणीत राबणारे गुलाम. त्यांचं अन्न बाहेरून यायचं, खजूर एका बाजूने, ज्वारी-बाजरीसारखं धान्य दुसऱ्या बाजूने. तिथून पुढे दहा मुक्काम जवळजवळ पाणी नाही. आणखी पुढे गेल्यावर तांडा एका माणसाला भाड्याने घ्यायचा, त्याला तकशीफ म्हणत. तो एकटा वलाताला, म्हणजे वाळवंटापलीकडच्या गावाला, पुढे जायचा, तिथल्या ओळखीच्या लोकांना पत्रं द्यायचा, आणि मग ते लोक पाणी घेऊन चार मुक्काम सामोरे यायचे. तकशीफ वाटेत मेला तर वलाताला बातमीच पोहोचत नसे, आणि तांडा मरू शकत असे. इब्न बतूताच्या तांड्याने त्यासाठी 100 मिस्काल (सोनं तोलायचं त्या काळचं माप) सोनं मोजलं होतं.

आता गेम मास्टरच्या नजरेने बघा. तुमचे खेळाडूच तकशीफ आहेत. मागे शंभर माणसं चालत येताहेत, आणि पुढच्या शहरात कुणाला तरी ती यायला नको आहेत. यात राक्षस लागतोच कुठे? त्याच तांड्यातले दोन नातलग भांडले, त्यातला एक मागे रेंगाळला आणि कायमचा हरवला, अशीही नोंद इब्न बतूताने करून ठेवली आहे. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, भांडणं तर आपल्याकडे दर सेशनला असतात.

यावर मला हमखास विचारलं जातं, "आमच्याकडे क्लेरिक आहे, तो पाणी तयार करतो. मग?" क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर मंत्र करणारा पुजारी. प्रश्न रास्त आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीत माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, उष्ण हवेत दोन. आणि पहिल्याच पातळीचा एक मंत्र 10 गॅलन, म्हणजे जवळपास 38 लिटर पाणी देतो. पाच जणांची दिवसाची सोय झाली. इथे पुष्कळ जण चिडून तो मंत्रच बंद करतात. मला तो आळस वाटतो. त्यापेक्षा हिशोब पुढे न्या. तहानलेला उंट एका बैठकीत 100 लिटर पिऊ शकतो, म्हणजे एका उंटाला तीन मंत्र. क्लेरिक आपल्या सोबत्यांना जगवेल, पण चाळीस उंटांचा तांडा जगवू शकणार नाही. जादूवर विसंबून पायी जाता येतं, मात्र व्यापार करता येत नाही, सैन्य नेता येत नाही, निर्वासितांना वाचवता येत नाही. विहिरींची किंमत तशीच राहते. उलट अशा जगात क्लेरिकला कोण कोण शोधत असेल, याचा विचार करा. सरदार, तांडेवाले, खाणमालक. ज्या देवाचे पुजारी पाणी देतात त्या देवाचं मंदिर विहिरीच्या मालकाला मित्र वाटेल की शत्रू? माझ्या मते सगळ्या कॅम्पेनला हा एकच प्रश्न पुरतो.

पाण्याचा हिशोब टेबलावर कंटाळवाणा होतो हेही खरं. लिटर मोजत बसू नका. पार्टीचं एका दिवसाचं पाणी म्हणजे एक पखाल, आणि एका पखालीची एक सोंगटी. वाट दहा मुक्कामांची असेल तर टेबलाच्या मध्यभागी बारा सोंगट्या ठेवा आणि दर मुक्कामाला सगळ्यांदेखत एक उचला. वादळात दिवस गेला, एक गेली. पखाल फाटली, एक गेली. वाटेत मरायला टेकलेला अनोळखी माणूस भेटला, तर सोंगटी द्यायची का? यावर अर्धा तास वाद होतो आणि तुम्हाला एकही फासा टाकावा लागत नाही.

डंजनसाठी, म्हणजे खेळाडूंनी उतरून धुंडाळायच्या भुयारासाठी, वाळवंटाइतकी सोयीची जागा नाही, फक्त तो थडग्यात शोधू नका. इराणमध्ये कनात नावाची रचना आहे. डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत खोल विहीर खणायची आणि तिथून अगदी मंद उताराचा बोगदा गावापर्यंत आणायचा. वर ओळीने हवेच्या आणि गाळ उपसायच्या विहिरी. गोनाबादचा कनात 33 किलोमीटर लांब आहे, त्याची मुख्य विहीर 300 मीटरहून खोल. वाटपासाठी भोक पाडलेलं भांडं पाण्यात सोडायचं आणि ते किती वेळा बुडलं त्यावर प्रत्येकाची पाळी मोजायची. आपलं घटिकापात्रच. आता गावाचं पाणी एका सकाळी निम्मं झालंय. पाटकऱ्यावर चोरीचा आळ आहे, आणि बोगद्यात उतरायला कुणी तयार नाही. प्रवेश, अंधार, कोंदट हवा, ढासळणारी माती, बाहेर पडायला अधूनमधून वर जाणारी विहीर: आराखडा तयारच आहे. शेवटी काय सापडतं ते तुम्ही ठरवा. पाणी वरच्या गावाने वळवलेलं निघालं तर सगळ्यात उत्तम, कारण मग त्यांच्याकडेही ऐकण्यासारखं कारण असतं.

भग्न शहराचंही तसंच. ते शापाने ओस पडलं असं म्हणण्याआधी पाणी कुठे गेलं ते विचारा. लिबियातल्या फेझ्झान प्रदेशात प्राचीन काळी गरामांतेस लोकांनी असेच बोगदे शेकड्यांनी खणून हजारो वर्षांपूर्वीचं साठलेलं पाणी उपसलं. पाऊस ते भरून काढत नव्हता. पातळी खाली गेली आणि शेती आटत गेली. खेळाडूंना अवशेषांत एकाखाली एक, प्रत्येक पिढीने आणखी खोल नेलेले बोगदे दिसू द्या. इतिहास सांगणारा म्हातारा उभा करायची गरज पडणार नाही.

संस्कृतीबद्दल एवढंच, की पगडी, सुलतान आणि दिव्यातला जिन हा तयार संच उचलू नका. थंड वाळवंटंही असतात, अंटार्क्टिका त्यातलं सर्वांत मोठं. नामिबमध्ये धुक्यावर जगणारे भुंगे आहेत. तुमच्या जगातले लोक काय नेसतात हे ऊन, वारा आणि रात्रीच्या थंडीवरून ठरवा.

राहिले राक्षस. रँडम एन्काऊंटरचा तक्ता (फासा टाकून वाटेत कोण भेटतं ते ठरवणारा) दर मैलामागे लावू नका, दर विहिरीला एक लावा. उघड्या मैदानात कुणी कुणाची वाट बघत थांबत नाही, पण पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं, हरणाला, लुटारूला आणि त्यांना खाणाऱ्यालाही. विहिरीपाशी कोण आधी पितं, हत्यारं कुठे ठेवतात, तिथे रक्त सांडलं तर काय शिक्षा, हे नियम सेशनआधी लिहून ठेवा. आणि ड्रॅगन ठेवायचाच असेल तर तो पाण्यासाठी काय मोबदला घेतो तेही लिहा. खेळाडूंचा पहिला प्रश्न तोच असतो.