पडद्यावर जे हरवतं

नमस्कार. समाजमाध्यमांवर कलाकारांनी आपलं काम कसं मांडावं, हा आजचा विषय. या विषयावर बोलायला उभं राहिलेला माणूस बहुतेकदा फॉलोअर कसे वाढवायचे इथून सुरुवात करतो. मी चित्रकार आहे, त्यामुळे माझी सुरुवात चित्रापासून होते.

सहा फूट रुंदीचं एक चित्र घ्या. फोनच्या पडद्यावर ते तळहाताएवढं होतं. शेजारी दोन इंचांचं लघुचित्र ठेवलं, तर तेही तळहाताएवढंच. रंगाचा थर सपाट होतो. जवळ गेल्यावर दिसणारं आणि चार पावलं मागे सरल्यावर दिसणारं यांतला फरक संपतो. ज्या कामाला तीन महिने लागले, त्यावरून अंगठा एका सेकंदात पुढे सरकतो. आकार, पोत, वेळ आणि करणाऱ्याचा हात, या चार गोष्टी पडद्यावर जाता जाता गळून पडतात. आपलं काम टाकायचं म्हणजे हे गळलेलं पाहणाऱ्याला जमेल तेवढं परत द्यायचं, असं मी मानतो. बाकीच्या युक्त्या त्यानंतरच्या.

आधी फोटो. कित्येक उत्तम चित्रं वाईट फोटोंमुळे मेलेली मी पाहिली आहेत. थेट ऊन नको. खिडकीतून येणारा मवाळ उजेड घ्या, किंवा दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांत एकसारखे दिवे लावा. खिडकीचा उजेड आणि खोलीतला पिवळा बल्ब एकत्र आले की रंग बिघडलेच, म्हणून एक काहीतरी बंद करा. चित्रावर काच असेल तर काढा. कॅमेरा चित्राच्या मध्याशी, चित्राला समांतर. अगदी जवळून फोटो काढला की कडा फुगतात, म्हणून मागे सरा आणि थोडं झूम करा. पहिल्या फोटोत शेजारी एक राखाडी कार्ड ठेवा, म्हणजे नंतर रंग जुळवताना डोळ्यांवर विसंबावं लागत नाही. फाइल एसआरजीबी (sRGB) या रंगपद्धतीत साठवा, नाहीतर तुमचा झळाळता केशरी दुसऱ्याच्या फोनवर मळकट दिसू शकतो.

हा झाला नोंदीचा फोटो. आता दुसरा काढा, तिरप्या उजेडातला. खोलीतले दिवे घालवा आणि एकच दिवा चित्राच्या कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरा. ब्रशचे फटकारे, सुरीने ओढलेला रंग, कॅनव्हासची वीण, सगळं सावल्यांनी उठून येतं. जुन्या चित्रांचं जतन करणारे तज्ज्ञ पृष्ठभाग तपासायला हीच पद्धत वापरतात. तिसऱ्या फोटोत चित्राशेजारी माणूस उभा करा, निदान हात तरी येऊ द्या. आकार सांगायला सेंटिमीटर पुरत नाहीत, हात पुरतो.

तुमची कला वेगळी असेल तर हरवणारी गोष्टही वेगळी. शिल्पाची मागची बाजू हरवते, म्हणून शिल्प फिरवून दाखवावं लागतं. नर्तकांचं मला फार वाईट वाटतं, कारण उभ्या चौकटीत चेहरा मोठा दिसावा म्हणून सर्रास पावलंच कापली जातात! चेहरा लहान दिसला तरी चालेल, पावलं चौकटीत हवीत. आणि गाणाऱ्यांनी हे ऐका: बरेच फोन आवाज आपोआप समपातळीवर आणतात. तुम्ही स्वर जीव ओतून हळुवार लावलात, तर फोन तो उचलून मोठा करतो. पुढचा खुला स्वर दाबून टाकतो. गाण्यातला चढउतारच सपाट. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या आणि नंतर चित्राशी जुळवा. ते जमत नसेल, तर फोनमध्ये हे आपोआप होणारं बंद करता येतं का ते शोधा.

आता वेळ आणि हात. हे परत द्यायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे काम चालू असताना दाखवणं. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने भाऊ थिओला लिहिलेली साडेसहाशेहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या कितीतरी पत्रांत चालू चित्राचं छोटं रेखाटन असतं आणि भिंती कोणत्या रंगाच्या, दार कोणतं, हे शब्दांत सांगितलेलं असतं. १८८८च्या ऑक्टोबरात आपल्या शयनकक्षाचं चित्र त्याने असंच पत्रातून कळवलं. थिओसमोर तेव्हा चित्र नव्हतं. होतं ते शाईचं रेखाटन आणि भावाने केलेलं वर्णन. आज तुमच्या पोस्टपुढे बसलेला माणूस थिओच्याच जागी आहे. मूळ काम त्याच्यापासून लांब आहे, त्यामुळे त्याला पत्र लागतं.

म्हणून चित्राखाली नुसतं शीर्षक आणि माध्यम लिहून थांबू नका. हा निळा तीनदा पुसला आणि चौथ्यांदा का ठेवला, ते लिहा. आपण काय ठरवलं होतं आणि हाताने काय केलं, तेही लिहा. मोठमोठी विशेषणं मात्र पाहणाऱ्यासाठी ठेवा. लिहायला सुचत नसेल तर एक अभ्यास सांगतो. इन्स्टाग्रामवर २०१८पासून चित्राचं पर्यायी वर्णन लिहायची सोय आहे. दृष्टिहीन लोकांचा फोन ते वाचून दाखवतो. ते वर्णन मनापासून लिहा. न पाहू शकणाऱ्या माणसाला आपलं चित्र सांगायला बसलो की आपण काय काढलंय ते आपल्यालाच नीट कळतं. माझ्या लिखाणात सगळ्यात जास्त फरक याने पडला.

हॅशटॅगविषयी एवढंच, की कामाशी संबंधित चारदोन पुरे.

आता जागेबद्दल. ही जागा आपली नाही, हे विसरू नका. इन्स्टाग्राम २०१० साली आलं तेव्हा फोटो चौकोनीच टाकावा लागे. आडवे-उभे फोटो २०१५मध्ये आले. पुढच्याच वर्षी पोस्टचा वेळेनुसार क्रम गेला आणि कोणाला काय दिसावं हे मंचाचं गणित, म्हणजे अल्गोरिदम, ठरवू लागलं. पुढे छोट्या व्हिडिओंना भाव आला. व्हाइन या सहा सेकंदांच्या व्हिडिओंच्या मंचावर लोकांनी नवी विनोदशैली घडवली. तो २०१७च्या सुरुवातीला बंद झाला. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमावर २०१६पूर्वी चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचं २०१९मध्ये उघड झालं. कित्येक वादकांकडे दुसरी प्रतच नव्हती. तेव्हा मूळ फाइल पूर्ण आकारात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. स्वतःचं साधं संकेतस्थळ ठेवा. आणि ज्यांना तुमचं काम मनापासून हवं आहे, त्यांचे ईमेल पत्ते त्यांना विचारून एका वहीत जमवा. हजारो अनोळखी नजरांपेक्षा त्या वहीतली चाळीस नावं मला मोलाची वाटतात, कारण मंच उद्या बंद पडला तरी त्यांना प्रदर्शनाचं निमंत्रण पाठवता येतं.

चोरीची भीती सगळ्यांनाच असते, ती रास्तही आहे. कॉपीराइट कलाकृती निर्माण होताक्षणी मिळतो. नोंदणीची अट नाही, हे तत्त्व कॉपीराइटविषयीच्या १८८६च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या परंपरेतून आलं आहे. पोस्ट केल्याने मालकी जात नाही, पण अटी मान्य करताना आपण कंपनीला वापराचा बराच मोठा परवाना देतो. त्या अटी एकदा बसून वाचा. छपाईलायक मोठी फाइल चढवू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेने आपली शैली उचलू नये म्हणून शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३मध्ये ग्लेझ नावाचं साधन मोफत दिलं. ते चित्रात डोळ्यांना फारसे न जाणवणारे बदल करतं. अभेद्य कवच म्हणून त्याच्याकडे पाहू नका, पण वापरून बघायला हरकत नाही.

शेवटी आकड्यांबद्दल, कारण तुमच्यातल्या तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावर मला ती काळजी दिसते. लाइक मोजण्यात गैर काही नाही. धोका पुढे आहे. एक प्रकारचं चित्र चाललं की पुढचा कॅनव्हास ताणतानाच मनात त्याच प्रकारचं चित्र यायला लागतं. माझ्या बाबतीत हे घडलं आहे. वर्षभर मी एकाच रंगसंगतीत अडकून होतो आणि ते ध्यानात आलं तेव्हा स्टुडिओत एकसारखी अकरा चित्रं उभी होती. तेव्हापासून मी काम करायची वेळ आणि मांडायची वेळ वेगळी केली. आठवडाभर काम. एका दुपारी फोटो, लिखाण, पोस्ट आणि लोकांना उत्तरं. उत्तरं मात्र नक्की द्या. ‘हा रंग कसा आणलात?’ असं विचारणारा माणूस अंगठा थांबवून तुमच्याजवळ आलेला असतो.

मागच्या टेबलावर मी एक चित्र, एक राखाडी कार्ड आणि एक टॉर्च ठेवलाय. दिवे घालवतो. फोन घेऊन या, आधी समोरून फोटो काढा, मग टॉर्च कडेला धरून. प्रश्न तिथेच घेऊ.